पुठ्ठ्याखालचा भाग

सहा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा मी कलासंग्रहालयात छायाचित्रांची प्रदर्शनं मांडत असे. बाकावर बसलेल्या एका माणसाचा जुना फोटो मी लावला होता आणि त्याला ‘एकटा’ असं शीर्षक दिलं होतं. मूळ फोटोत त्याच्या शेजारी एक बाई आणि दोन मुलं होती. फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट बसवताना फ्रेम करणारा म्हणाला होता, “साहेब, अख्खं कुटुंब पुठ्ठ्याखाली जातंय.”

“जाऊ दे, गर्दी होते,” मी म्हणालो.

पत्र त्या माणसाच्या मुलीचं होतं. ‘हे माझे बाबा. मी लहान असताना घर सोडून गेले. तेही एकटेच राहिले हे पाहून आईच्या मनातली वीस वर्षांची अढी गेली. फोटोत आणखी काही आहे का?’

खरं लिहायचा धीर होईना आणि खोटं लिहिता येईना. मी पत्र खणात ठेवून दिलं.

गेल्या आठवड्यात तिचं दुसरं पत्र आलं. ‘आई गेली. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, फार बरं केलंत. फोटोच्या कडेला बाबांच्या खांद्यावर दोन बोटं आहेत. ती आईला दिसली नाहीत, मला पहिल्याच दिवशी दिसली. आता पाठवा.’

मी अख्ख्या फोटोची प्रत काढून घेतली. फोटोमागे पेन्सिलीनं माणसांची नोंद करायची आमची पद्धत आहे. ‘डावीकडून: तुमचे वडील, एक बाई, तुमची दोन भावंडं,’ असं लिहिलं आणि पाकीट पोस्टात टाकलं.