बिनपासवर्डची बंगारम्मा

बोर्डावर हिरवा दिवा होता आणि लेडीज हॉस्टेलमधल्या एकाही मुलीला नेट लागत नव्हतं.

कॉलेजचं नेट सांभाळणाऱ्या स्रवंतीने वॉर्डनबाईंचा फोन ठेवला. मुली नाव-पासवर्ड टाकून बसल्या होत्या, पुढे काही सरकत नव्हतं. अकराला त्यांची ऑनलाइन परीक्षा होती.

वरंगलच्या त्या कॉलेजात नेट लागायच्या आधी प्रत्येकाचा पासवर्ड एक सर्व्हर तपासायचा. सगळे त्याला वॉचमन म्हणत. वॉचमन जागा आहे की झोपलाय हे कळावं म्हणून स्रवंतीने एक खोटी विद्यार्थिनी तयार केली होती. तिचं नाव बंगारम्मा. ती दर मिनिटाला दारात जाऊन आपला पासवर्ड सांगायची. आत घेतलं की बोर्डावर हिरवा दिवा, नाही घेतलं तर लाल.

"अन्ना, वॉचमन तर मेलाय. मग ही बया आत कशी जातेय?" तिने विचारलं.

वायरिंग बघणारे यादगिरी ताकाचा ग्लास हातात धरून उभे होते. त्यांनी नजर चुकवली.

"तिला आता विचारतंय कोण? तपासणी समिती यायची, बोर्ड लाल दिसता कामा नये, असं संचालकसाहेब म्हणाले. तिला बिनपासवर्ड सोडायला लावलं. त्यांच्या खोलीला सोडतो तसंच."

"आणि तुम्ही सोडलंत?"

"पोट आहे पोरी."

स्रवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राखीव वॉचमन शेजारच्या खोलीत तयार होता, फक्त चालू करायचा. पण त्या खोलीची किल्ली संचालक कोंडलराव यांच्या खिशात असायची.

तेवढ्यात कोंडलराव स्वतःच आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर ताजं कुंकू. आधी बोर्डाकडे बघून त्यांनी समाधानाने मान हलवली.

"सर, किल्ली द्या. हॉस्टेल बंद आहे."

"राखीव चालू केला की सगळ्यांचंच नेट थोडा वेळ जातं ना? वर माझ्या खोलीत समिती बसलीय. आत्ता पडद्यावर सगळं दाखवायचंय. ते गेले की देतो."

"तोवर परीक्षा संपेल."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, स्रवंती."

"त्या मुठीत मुलींचं वर्ष आहे, सर."

कोंडलराव हसले. हसणं गोड होतं, बोलणं नव्हतं. "मार्चमध्ये तुझं कंत्राट माझ्याच टेबलावर येतं. एवढं ध्यानात ठेव." ते वर निघून गेले. जिन्यावर किल्ल्यांचा आवाज येत राहिला.

"सोडून दे," यादगिरी म्हणाले. "मोठ्यांच्या नादी लागू नये."

तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त होता. तिने खुर्ची पुढे ओढली आणि बंगारम्माची बिनपासवर्डची सवलत काढून टाकली. मिनिटभरात बोर्ड लालभडक झाला. यादगिरींनी ग्लास खाली ठेवला.

"झालं तुझं समाधान?"

"अजून नाही."

मग तिने संचालकांच्या खोलीची सवलतही काढली. आता त्या खोलीलाही इतरांसारखा पासवर्ड सांगून आत जायचं होतं, आणि दारात वॉचमन नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला. यादगिरींनी हात पुढे केला नाही. स्रवंतीने एकदा वाजू दिला, मग उचलला.

"माझं नेट गेलंय," कोंडलराव दबक्या आवाजात म्हणाले. मागे कुणीतरी घसा खाकरत होतं. "पडदा नुसता पांढरा झालाय. समिती माझ्या तोंडाकडे बघतेय. काय चाललंय खाली?"

"होय सर," स्रवंती म्हणाली. "बोर्डावर दिसतंय. किल्ली घेऊन या."