पाठवणीची धून

नबीसाबने क्लॅरिनेटची पेटी उघडली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला डकवलेलं कात्रण पाहून सोमशेखरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

कागद पार तांबूस झाला होता. तरी खाली छापलेलं स्वतःचं नाव त्यांनी लांबूनच ओळखलं. छत्तीस वर्षांपूर्वी ते वाचनालयात नोकरीला होते आणि सोलापुरातल्या एका दैनिकात दर रविवारी संगीतावर सदर लिहीत. त्यातलंच ते कात्रण होतं.

नबीसाब आणि ते शाळेत एका बाकावर बसायचे. विजापूर वेशीजवळच्या याच खोलीत, नबीसाबच्या वडिलांच्या बँडच्या तालमीत, सोमशेखरांच्या कानावर पहिल्यांदा सूर पडले. पुढे ते मैफलींना जाऊ लागले. जाणकारांत ऊठबस वाढली, आणि आधी आवडलेलं सगळं त्यांना हलकं वाटू लागलं. त्याच दिवसांत धाकट्या बहिणीचं, महानंदाचं, लग्न झालं. पाठवणीच्या वेळी रिवाजाप्रमाणे ढोल-ताशे थांबले आणि नबीसाब एकटा वाजवू लागला. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तो सरळ जायचाच नाही. रेंगाळत, घसरत, उशिरा पोचायचा. मांडवातल्या बायका पदर तोंडात धरून रडल्या. सोमशेखर मात्र मैफलीतल्या मित्रांकडे बघून ओशाळं हसले, आणि पुढच्या रविवारी त्यांनी लिहिलं, ‘आमच्या शहरातल्या एका नामांकित क्लॅरिनेटवाल्याचा सूर चिखलातून चालतो. दर पावलाला घसरतो.’ नाव छापलं नव्हतं. वाचणाऱ्यांना त्याची गरजही पडली नाही.

त्यानंतर दोघांचं बोलणं राहिलं ते राहिलंच.

सत्तरी ओलांडल्यावर सोमशेखरांचा कान बदलला. ज्या तानांसाठी ते रात्रीच्या गाडीने पुण्याला जायचे, त्या आता दमवू लागल्या. चांगलं गाणं ऐकतानाही मन कशालाच लागेना. वय झालं, असं ते स्वतःला सांगत. गेल्या महिन्यात नात सुकन्याने महानंदाच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट कुठूनशी मोबाइलवर उतरवून आणली. पाठवणी आली. तो सूर घसरला, आणि सोमशेखर उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. मग त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. त्या आठवड्यात कितीदा लावला, ते त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नाही.

सुकन्याचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. वरातीला काय हवं ते आणा, पाठवणीला मात्र नबीसाबच वाजवणार, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. आणि हे असंच वाजव, म्हणून दाखवायला तो तुकडा खिशात घेऊन ते आले होते. माफी मागायचंही मनात होतं. वाक्य रस्ताभर जुळवलं होतं. कात्रण पाहिलं आणि ते वाक्य कुठे गेलं कळेना.

“बगतोस काय? तुझंच हाय,” नबीसाब म्हणाला. “लई राग आलता. दोन दिवस जेवलो न्हाय. मग म्हटलं, सोमशेखर शिकलेला मानूस, दोस्त मानूस. उगा कसा लिहील?”

तेव्हापासून रोज सकाळची नमाज झाली की तो पेटी उघडायचा. आधी कात्रण वाचायचं, मग वाजवायचं. बँड मुलाकडे गेला, लग्नं डीजेकडे गेली, पण सकाळचा हा नेम मोडला नाही. दारात उभी असलेली त्याची सून मुमताज हसून म्हणाली, “आमच्या घरात मांजर बी सरळ चालतंय, काका.”

“पुढचे चार दात अजून घरचे हायत. बाकीचे दवाखान्याचे,” नबीसाब म्हणाला, आणि त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

तीच पाठवणीची धून होती. एकेक सूर स्वच्छ, नेमका, जागच्या जागी. दोन सुरांच्या मधे काहीच नव्हतं. सोमशेखर वाट पाहत राहिले. त्यांनी तरुणपणी मागितलं होतं ते सगळं त्या वाजवण्यात होतं, आणि ते खाली मान घालून ऐकत होते.

“घसरलं कुटं?” नबीसाबने विचारलं. त्याला दम लागला होता.

“नाही,” सोमशेखर म्हणाले. “एकदाही नाही.”

नबीसाबचा चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा झाला. त्याने पेटी ओढली आणि नखाने हळूहळू कात्रणाचा कोपरा सोडवू लागला. आता याचं काम संपलं, असं काहीतरी तो पुटपुटला. मग त्याला आठवलं, की सोमशेखरांनी आल्या आल्या नातीच्या पाठवणीचं सांगताना फोनवर काहीतरी ऐकवायचंय म्हटलं होतं.

सोमशेखरांनी राहू दे म्हटलं. दोनदा म्हटलं. पण नबीसाबने हात पुढे केलेलाच होता. चष्मा नव्हता, त्यामुळे चित्राकडे न बघता त्याने फोन सरळ कानाला लावला आणि डोळे मिटले.

बारीक, खरखरता सूर खोलीत घसरत आला. नबीसाबची बोटं मांडीवर हलू लागली. हलता हलता थांबली. तुकडा संपला तरी त्याने फोन कानावरून काढला नाही. मग बाहीने डोळे पुसले.

“कोन हाय रे हा?” तो म्हणाला. “मला कशाला नेतोस? नातीच्या पाठवणीला ह्याला बलव की.”