नेफ्तालीची तपासणी

"उद्या सकाळची पहिली लघवी. बाटलीवर नाव लिहायचं आणि आठच्या आत माझ्या हातात द्यायची," तातीको म्हणाला. "कागद स्वच्छ आला की शुक्रवारी सही."

मिलाग्रोसने मान डोलावली. तातीको गेली पाच वर्षं तिच्या लेकाला, नेफ्तालीला घडवत होता. सान पेद्रोच्या वस्त्यांमधून असे उस्ताद गल्लोगल्ली आहेत. चांगला हात दिसला की पोरगं उचलायचं, खाऊपिऊ घालून वाढवायचं, अमेरिकेच्या बेसबॉल क्लबाला दाखवायचं आणि सही झाली की आपला वाटा घ्यायचा. नेफ्ताली सतरा वर्षांचा होता आणि चेंडू ताशी त्र्याण्णव मैलांनी फेकायचा. त्याची सही खरं तर वर्षापूर्वीच व्हायची. पण कोपर दुखावलं, कुणीतरी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, दुखणं गेलं आणि गोळ्या तेवढ्या राहिल्या.

त्या गोळ्यांपायी त्याने आधी बूट विकले, मग हातमोजा. एक दिवस मिलाग्रोस मासळी आणायला गेली आणि परत येते तो स्वयंपाकघरातली गॅसची टाकीच गायब. आठवडाभर शेजारणीच्या शेगडीवर भात शिजवावा लागला.

गुड फ्रायडेला सणाच्या गोड घेवड्याची वाटी हातात धरून पोराने शपथ घेतली. घरात उरलेल्या गोळ्या त्याच्या बापाने, फेर्मीनने, पिशवीत भरून नेल्या आणि समुद्रात फेकून आलो म्हणून सांगितलं. त्याला आता चार महिने झाले होते. नेफ्ताली अंगाने भरला, पहाटे उठून पळायला लागला. फेर्मीनही बदलला. तोही एके काळचा पिचर, चेंडू फेकणारा. खांद्याने दगा दिला म्हणून मोटरसायकलवरून सवाऱ्या वाहायचा, आणि रोज संध्याकाळी त्या खांद्याच्या नावाने शंख करायचा. हल्ली चकार शब्द नाही. पोर सुधारलं की बापाची दुखणी पळतात, असं शेजारीण म्हणायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण गेल्या रविवारी बापलेकांचे कपडे पिळताना टबाच्या तळाशी मिलाग्रोसच्या बोटांना गोळ्यांची रिकामी पट्टी लागली. ती तिने मुठीत दाबली आणि कुणाला विचारलं नाही. विचारणार तरी काय? टाकी गेली तेव्हाही नेफ्ताली तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलला होता. दुधाने तोंड पोळलेली बाई ताकही फुंकूनच पिणार.

तातीको तपासणीचं सांगून गेला त्या संध्याकाळी जेवताना फेर्मीनची टकळी सुरू होती. आता पक्कं छप्पर घालू, परगावी कामाला गेलेल्या मोठ्या मुलीला परत घरी बोलावू, मोटरसायकल विकून टाकू.

"माझ्या खांद्याने जे केलं नाही ते तुझा हात करणार," तो लेकाला म्हणाला. "आणि नाव घालवलंस, तर या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

नेफ्ताली तळलेली केळी चिवडत राहिला. त्याला चेंडू फेकायला आवडतं की नाही, हे या घरात त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

फेर्मीनने पाण्याचा दुसरा जग रिकामा केला. मिलाग्रोस त्याच्याकडे बघत होती.

"किती पाणी पितोस रे हल्ली. तुझ्या आईला साखर होती. उद्या तूही बाटली भरून दे. तातीको नाहीतरी तपासायला जातोच आहे."

"फक्त साखरच बघणार ना?"

"मग काय बघायचंय तुझ्यात आणखी?" ती म्हणाली. फेर्मीन हसला आणि ताटावरून उठला.

बुधवारी सकाळी फेर्मीन आपली बाटली टेबलावर ठेवून सवाऱ्यांना निघून गेला. नेफ्तालीने स्वतःची बाटली आईच्या हातात दिली.

"काळजी करू नकोस, आई. शपथ घेतल्यापासून एक गोळी नाही घेतली."

"ठाऊक आहे मला, राजा," ती म्हणाली, आणि बाटल्या पुसून नावं चिकटवायला मोरीत गेली. सव्वासातला तातीको आला, तेव्हा दोन्ही बाटल्या कापडात नीट गुंडाळून तयार होत्या.

शुक्रवारी तो आला तो दारातच उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"वहिनी, क्लबाचा माणूस दुपारच्या विमानाने गेला. दुसऱ्या पोराची सही घेऊन."

त्याने फेर्मीनच्या हातात दोन कागद दिले. फेर्मीनला साखर नव्हती. नेफ्तालीच्या कागदावर मात्र त्या गोळ्यांचं नाव ठळक अक्षरांत होतं. फेर्मीनने तो दोनदा वाचला आणि मग त्याचा तोल गेला. एवढ्या गोळ्या मी समुद्रात फेकल्या, तरी तू शोधून आणल्यास. आमच्या तोंडाला काळं फासलंस. ऊठ आणि चालता हो. नेफ्ताली एकच सांगत होता, पुन्हा तपासा. तातीको म्हणाला, आता त्याचा उपयोग नाही. सगळ्या क्लबांचे लोक एकाच खानावळीत जेवतात, आणि आज दुपारी तिथे हाच विषय होता. पाच वर्षं मातीत गेली म्हणत तो निघून गेला.

नेफ्तालीने दोन शर्ट पिशवीत कोंबले. राजधानीत मामाकडे विटा वाहायला जातो, म्हणाला. रडत नव्हता. उंबऱ्याशी थांबून त्याने बापाकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं.

"बाकीचे गेले खड्ड्यात. तुझा तरी माझ्यावर विश्वास होता ना, आई?"

मिलाग्रोसने त्याच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. त्याची बाटली तिने बुधवारीच मोरीत रिकामी केली होती, आणि तातीकोच्या हातात दिलेल्या दोन्ही बाटल्यांत फेर्मीनची लघवी होती.