पहिलं गिऱ्हाईक

"प्रगती तुमच्याकडं कामाला येणार न्हाय," रामहरी म्हणाला.

मोहितनं चहाचा कप खाली ठेवला. प्रगती आजोबांकडं बघतच राहिली. बारामतीला शिकून ती नुकतीच इंजिनिअर झाली होती. मोहितच्या कंपनीतली नोकरी घर विचारत दाराशी आली होती, आणि आबांनी तिला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं होतं.

मोहित मूळचा वालचंदनगरचा. ही त्याची पाचवी कंपनी. ठिबकच्या झडपा, दुधाची फॅट मोजायचं यंत्र, फवारणीचे ड्रोन. एक कंपनी काढायची, मोठी करायची, विकायची आणि दुसरीचा नारळ फोडायचा, हा त्याचा खाक्या. पण नाव झालं ते पहिल्या कंपनीनं. तिचा डबा नदीवरच्या मोटारीला लावला, की शेतकऱ्यानं घरबसल्या फोन लावायचा आणि मोटार चालू. 'मालकाचा फोन आल्याशिवाय मोटार हलणार नाही,' असं त्या डब्यावर छापलेलंच असे. नरसिंहपूरच्या अलीकडं, भीमेकाठी, पहिला डबा बसवला तो रामहरीनं. तेव्हापासून प्रत्येक नव्या कंपनीच्या उद्घाटनाला मोहित या पहिल्या गिऱ्हाइकाला स्टेजवर नेऊन बसवी. आजही तो न्यायलाच आला होता.

"का नको, तात्या?" मोहितनं विचारलं.

"तितं जुनी नोंद असंल."

"ती माझ्याकडं आहे. कुणी उघडणार नाही." प्रगतीकडं न बघता मोहित उठला. "तुम्ही बोला. मी गाडीत थांबतो. अकराला बारामतीत पोचायचंय."

देवमाणूस, रामहरीच्या मनात आलं. नऊ वर्षं झाली, या माणसानं झाकली मूठ झाकलेलीच ठेवली.

"कसली नोंद, आबा?"

 आता पोरीला सांगितल्यावाचून सुटका नव्हती.

"तुझा बाप नदीवर मोटारीची वायर जोडत व्हता. मोटार बंद व्हती. मधीच चालू झाली अन् शॉक लागून त्यो गेला. लोकान्ला वाटतं, लखननंच घाईत हातानं चालू केली. तसं न्हाय. माझ्या फोननं चालू झाली. फोन खिशात व्हता. हिरवं बटण दोनदा दाबलं की मोटारीला फोन लागायचा. कवा दाबलं गेलं, मला ठावं बी न्हाय."

"मग तुमाला कुणी सांगितलं?"

"मोहितरावांनी. त्येंच्या मशिनीत माझा फोन आलेला दिसला. सांगताना डोळ्याला पाणी आलं त्येंच्या. म्हणलं, तात्या, जगात कुणाला कळणार न्हाय. पोलीस यायच्या आत सोताच्या हातानं डबा काढून नेला त्येंनी. कुणी मला बोल लावू नये म्हणून. फोन बी नदीत टाकाय लावला."

"टाकला?"

 मोहितला रामहरीनं टाकला म्हणूनच सांगितलं होतं. इतकं केलेल्या माणसाशी आपण एवढं एक खोटं बोललो, याची त्याला अजून लाज वाटत होती. तो उठला, आत गेला. ट्रंकेच्या तळातून लखनचा टॉवेल काढून आणला आणि नातीच्या पुढ्यात सोडला. आत बटणांचा जुना फोन होता.

"लखननं घेऊन दिलेला. न्हाय टाकवला. त्या दुपारी बंद केला, त्यो आजवर चालू केला न्हाय. तूच सांग, आता त्येंच्या हापिसात कोण तुला वर मान करून बघू देईल?"

प्रगती रडली नाही, ओरडलीही नाही. ती ओरडली असती तर रामहरीला बरं वाटलं असतं. तिनं फोनच्या मागचं झाकण काढलं. आजीचा फोन याच जातीचा होता. त्याची बॅटरी काढून तिनं यात बसवली. पडदा उजळला तसं रामहरीनं तोंड फिरवलं. लेकीला बापाच्या मरणाची वेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असेल, तर तिला अडवायचा त्याला काय अधिकार होता?

बाहेर मोहितनं हॉर्न वाजवला. रामहरीनं खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. त्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं नव्हतं.

प्रगतीनं हिरवं बटण एकदाच दाबलं. लावलेल्या फोनांची यादी उघडली.

"शेवटचा फोन डॉक्टरला. बारा मे, सकाळी नऊ वीस."

"व्हय. लखनला बाहेर काढल्यावर लावला. त्येच्या आधीचा बघ. त्योच."

"त्याच्या आधीचा मोटारीला हाय," प्रगती म्हणाली. "अकरा मे, संध्याकाळी सहा दहा. बाबा गेले त्या सकाळी तुमी मोटारीला फोन लावलाच न्हाय, आबा."