मालकीणबाई
पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना तिनेच उभारला. पण बाईशी व्यवहार करायला व्यापारी कचरतात, हे ती ठेच लागून शिकली. म्हणून मोठं गिऱ्हाईक आलं की टेम्पो चालवणारा दीर मालकाच्या खुर्चीत बसायचा आणि ती चहा आणायची. त्या दिवशी व्यापाऱ्याने सहीसाठी पेन काढलं आणि दारात एक मुलगी आली, बापाला ओढतच. "बाबा म्हणतात, कारखाना चालवणं बाईचं काम नाही. म्हटलं, दाखवतेच! मालकीणबाई तुम्हीच ना?" व्यापाऱ्याचं पेन थांबलं. हातातला ट्रे सावरत ती म्हणाली, "नाही गं. मालक हे. मी चहापाणी बघते." "ऐकलंस?" बाप हसला. काम मिळालं. व्यापाऱ्याची गाडी वळताच ती रस्त्यावर धावली. समोरच्या थांब्यावर बाप काहीतरी समजावत होता आणि मुलगी शहाण्यासारखी मान डोलवत होती. हाक मारायला तिला तोंडच उरलं नव्हतं.