गुरुवारची घागर

बिरप्पा मिस्त्रीने चार बोल्ट काढले आणि जुना पंखा कोंडीबाच्या हातात दिला. सोळा वर्षं इंजिनाच्या पट्ट्यावर, गरज असो-नसो, फिरलेला तो पंखा घेऊन कोंडीबा मयताला आल्यासारखा उभा राहिला.

"आता हा बॅटरीवरचा," बिरप्पा म्हणाला. "फुडं बटन दिलंय. पेट्रोल वाचंल, आनि गाडी काय तापायची न्हाय."

"आजिबात?"

"आजिबात."

पेट्रोलचा भाव भडकल्यापासून डॉक्टर दाक्षायणीबाईंना हेच हवं होतं. कोंडीबाने ड्रायव्हर म्हणून जमेल तेवढा विरोध करून पाहिला होता. बॅटरी बसेल, वायर जळेल, परदेशी मोटारीच्या भंगारातला पंखा सोलापूरच्या उन्हाला बिचकेल. बाई हसल्या होत्या आणि गाडी नव्या पेठेमागच्या या गॅरेजात आली होती.

खरं कारण त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. बाई दर गुरुवारी माळशिरसला रोगी तपासायला जात. माळशिरसच्या तीन मैल अलीकडे एका बाभळीखाली गाडी नेमाने तापे, आणि समोरच्या वस्तीवरून कोंडीबाची लेक मुक्ता घागर घेऊन येई. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, अजून मूलबाळ नव्हतं. आणि लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा नेम कोंडीबा पाळून होता. पाणी प्यायचं नाही तर दारात तरी कशाला जायचं, म्हणून जातही नव्हता. गाडीला असा काही नेम नव्हता. ती पोटभर प्यायची, आणि तिचं पोट भरेपर्यंत बापलेकीचं बोलणं व्हायचं.

त्या गुरुवारी गाडी अशी पळाली की कोंडीबाला तिचा रागच आला. बटन बंद करून दोन मैल दुसऱ्या गिअरवर रेटली असती तर तापलीही असती. हे त्याच्या मनात वेळापूरपासून घोळत होतं. पण सोळा वर्षांत त्याने गाडीला मुद्दाम त्रास दिला नव्हता. हात दोनदा बटनापर्यंत गेला आणि परत आला.

बाभळीखाली मुक्ता उभी होती. डोक्यावर घागर. कोंडीबाने नजर रस्त्यावर ठेवली.

"कोंडीबा," मागून बाई म्हणाल्या, "गाडी तापलीय."

"न्हाय बाईसाब. काटा निम्म्यावर हाय."

"डॉक्टर कोण आहे? तुम्ही की मी?"

गाडी थांबली. बाईंनी वर्तमानपत्र उघडलं. ते त्यांनी सोलापुरातच वाचून संपवलं होतं.

कोंडीबाने बॉनेट उचललं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. मुक्ताने घागर कलती केली आणि आत डोकावून थांबली.

"आबा, भरल्यालंच हाय की हे."

"वत," कोंडीबा म्हणाला. "सासू बरी हाय का तुजी?"

"बरी हाय की."

पाणी काठावरून वर आलं, नव्या पंख्यावरून ओघळलं, खाली कोंडीबाच्या वहाणांत शिरलं. त्याने पाय हलवला नाही.

मुक्ताने धार बारीक केली.