ब्रेक सोडा

घाटात पुढचा ट्रक अडला म्हणून थांबलेला टेम्पो पुन्हा निघाला तो हिसक्यानेच. दोर तुटला, लोखंडी कपाट पत्र्यावरून घसरत मागे आलं आणि हेमांगीबाईंचा पाय कपाट आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्याच्या मध्ये अडकला. बदलीच्या गावी निघालेल्या बाई सामान सांभाळत मागेच बसल्या होत्या.

किंकाळी ऐकून ड्रायव्हर रफिकभाई गाडी थांबवून धावत आले. त्यांनी कपाट ढकलून पाहिलं, पण चढावर ते तसूभरही हललं नाही.

"दम धरा बाई. वर सपाटी आहे, तिथवर गाडी नेतो."

"नको! पुढे गेलात तर हे आणखी रेटेल. घर्षण पुरत नाहीये त्याला. ब्रेक सोडा, गाडी मागे जाऊ द्या."

"मागे वळणावर कठडा आहे, पलीकडे दरी!"

"गाडी मोकळी सुटली की तीही कपाटाबरोबरच खाली जाईल, मग त्याचा रेटा उरणार नाही. मी ओरडले की ब्रेक दाबा."

रफिकभाई केबिनमध्ये चढले आणि टेम्पो मागे सुटला. कठडा जवळ येताना बाईंना दिसत होता. पायावरचा भार अचानक हलका झाला. त्यांनी जीव खाऊन पाय ओढला. सँडल तिथेच राहिली.

"दाबा!"

ब्रेक लागताच कपाट धाडकन फाळक्यावर आदळलं. कठडा हातभर उरला होता.

रफिकभाई उतरून मागे आले. "एवढी खात्री होती तुम्हाला?"

"वीस वर्षं फळ्यावर हेच गणित शिकवतेय," म्हणता म्हणता बाईंना रडू फुटलं. "खात्री नव्हती हो, रफिकभाई."